जुने ल्यूट कसे घडवत आणि त्याचे पडदे कुठे बांधत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्यूट ऐकणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा एखादे घरी बनवून पाहावे असे मनात असणाऱ्या मंडळींकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न कुठूनही सुरू झाला तरी बहुतेक वेळा तो "हे कळले कशावरून?" इथेच येऊन ठेपतो. म्हणून उत्तरांत वाद्यापेक्षा पुराव्याचीच चर्चा जास्त आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लाकडाबद्दलचा पुरावा बराचसा लाकडातच सापडतो, पण पडद्यांबद्दलचा (म्हणजे बोट कुठे दाबायचे ते ठरवण्यासाठी दांडीवर आडव्या बांधलेल्या वेढ्यांबद्दलचा) पुरावा जवळजवळ सगळा कागदावर आहे. पुढचे बरेच घोळ या फरकातून निघतात.

ल्यूट म्हणजे नेमके कोणते वाद्य?

उभ्या चिरलेल्या नासपतीसारखी फुगीर पाठ, वर सपाट तबली, तबलीत कोरलेली जाळी, आखूड दांडी आणि जवळजवळ काटकोनात मागे वळलेली खुंट्यांची पेटी. पाठ अखंड लाकडातून कोरलेली नसते. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, कडेला कड जोडून ती उभी करतात. तारा बहुधा जोडीने असतात. अरबी उद हा ल्यूटचा पूर्वज. तो स्पेन आणि सिसिलीमार्गे युरोपात गेला. पालेर्मोच्या कापेला पालातिना या प्रार्थनामंदिराच्या छतावर १२ व्या शतकात रंगवलेले उदवादक आजही पाहायला मिळतात. युरोपात १५ व्या शतकाच्या उत्तरार्धात वादकांनी हळूहळू नखी सोडली आणि बोटांनी वाजवायला सुरुवात केली. तारांच्या जोड्या पाचाच्या सहा झाल्या आणि पुढे दहा, अकरा, तेरापर्यंत गेल्या.

खरी जुनी वाद्ये संग्रहालयांत आहेतच. मग मोजून का घेत नाहीत?

मोजतातच. अडचण अशी आहे की जे मोजतो ते मूळ वाद्य राहिलेले नसते.

बोलोन्याचा लाउक्स मालर हे याचे उत्तम उदाहरण. हा मूळचा जर्मन कारागीर १५५२ साली वारला, तेव्हा त्याच्या कारखान्यातल्या मालाची यादी करण्यात आली. तिच्यात तयार आणि अर्धवट मिळून हजाराहून जास्त ल्यूट निघाली. म्हणजे हा एकट्याने खुडबुडत बसलेला कलाकार नव्हता, मोठा कारखानदार होता. एवढ्या मालापैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाद्ये उरली आहेत. त्यांतले एक न्युरेम्बर्गच्या जर्मनिशेस नॅशनल म्युझियममध्ये आहे. मालरच्या लांबट, नऊ किंवा अकरा पट्ट्यांच्या पाठींना शंभर वर्षांनंतरही एवढी मागणी होती की इंग्लंडच्या थॉमस मेसने १६७६ साली लिहून ठेवले आहे, त्याने पाहिलेल्या मालरच्या जुन्या, ठोकरलेल्या, तडे गेलेल्या ल्यूटची किंमत शंभर पौंड होत होती.

या लौकिकानेच त्या वाद्यांचा घात केला. १७ व्या शतकात नवे संगीत अकरा आणि पुढे तेरा जोड्यांसाठी लिहिले जाऊ लागले. मालरचे वाद्य सहा जोड्यांचे. मग लोकांनी जुनी पाठ ठेवली आणि दांडी काढून रुंद दांडी बसवली, खुंट्यांची पेटी बदलली, घोडी (तबलीवर तारा जिथे बांधतात ती आडवी लाकडी पट्टी) बदलली, बऱ्याचदा तबली उघडून आतल्या पट्ट्याही बदलल्या. आता पडदे असतात कुठे? दांडीवर. म्हणजे पडद्यांच्या खुणा जिथे सापडल्या असत्या, नेमका तोच भाग सगळ्यात आधी फेकला गेला. तशात पडदे आतड्याच्या तातीचे, दांडीभोवती गाठ मारून बांधलेले. तात झिजते, तुटते, आणि वादक दुसरी बांधतो. १६ व्या शतकातला पडदा आपल्या मूळ जागी बांधलेला मिळावा ही अपेक्षाच ठेवू नये.

फारसा फेरफार न होता टिकलेले सहा जोड्यांचे ल्यूट म्हणून बहुतेक सगळे एकाच वाद्याकडे बोट दाखवतात. ते इन्सब्रुकच्या गेऑर्ग गेर्लेने १५८० च्या सुमारास बनवलेले असून व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. त्याची पाठ हस्तिदंती आहे. म्हणजे राजेरजवाड्यांच्या संग्रहात शोभून दिसावे असे ते वाद्य. रोज हाताळले जाणारे साधे वाद्य वापरून संपले आणि देखणे वाद्य कपाटात टिकले. जुन्या वस्तूंच्या बाबतीत हे नेहमीचेच, पण त्यामुळे "टिकलेले" म्हणजे "नेहमीचे" असे धरून चालत नाही.

बांधणीचे सगळ्यात जुने लिखित वर्णन कोणते?

युरोपपुरते बोलायचे तर आंरी आर्नो दे झ्वोले यांचे. हे गृहस्थ बर्गंडीच्या दरबारी वैद्य आणि ज्योतिर्विद होते. १४४० च्या सुमारास दिजाँमध्ये लिहिलेले त्यांचे लॅटिन हस्तलिखित आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात ल्यूटची आकृती आहे आणि ती कंपासाने कशी काढायची हेही दिले आहे. गंमत म्हणजे त्यात इंच-सेंटिमीटरसारखे एकही माप नाही. सगळे प्रमाणात: अमुक रेषेचे इतके भाग करा, इथे कंपासाचे टोक ठेवा, एवढी त्रिज्या घ्या. रुंदी तुम्ही ठरवायची, बाकी वाद्य तिच्यावरून आपोआप ठरते. लहान-मोठी सगळी ल्यूट एकाच आकृतीतून निघतात.

अरबी लिखाण याच्या कितीतरी आधीचे आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने उदची मापे बोटांत दिली आहेत: लांबी ३६ बोटे, रुंदी १५, खोली साडेसात. घोडी आणि तिच्यामागची जागा यांत सहा बोटे जातात, उरलेली ३० बोटे म्हणजे तारेची वाजती लांबी. दहाव्या शतकातल्या बसऱ्याच्या इख्वान अस-सफा मंडळाने लांबी रुंदीच्या दीडपट, खोली रुंदीच्या निम्मी आणि दांडी लांबीच्या एक चतुर्थांश असे प्रमाण सांगितले. दोन्हीकडे खोली रुंदीच्या बरोबर निम्मी आहे. म्हणजे पाठ आडवी कापली तर अर्धवर्तुळ मिळेल.

इथे थोडे सावध राहावे लागते. ही मंडळी तत्त्वज्ञ होती. दीडपट, निम्मे, पाव हे आकडे त्यांना संगीतातल्या स्वरसंवादाशी जुळणारे म्हणूनही प्रिय होते. सुताराच्या दुकानात खरोखर असेच मोजत होते की विद्वानाने सुताराच्या कामाला गणिताचा अंगरखा चढवला? माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. प्रमाणाने काम करणे कारागिरालाही सोयीचे असते, आणि अल-किंदीची ३६ जाड बोटे म्हणजे तीन विती हा हिशेब विद्वत्तेपेक्षा कामाच्या जागी शोभणारा वाटतो.

पाठीच्या पट्ट्या इतक्या पातळ असतात म्हणे. एवढ्या पातळ लाकडाचे वाद्य उभे कसे राहते?

पट्ट्यांची जाडी बहुधा दीड-पावणेदोन मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. लाकडी साच्यावर एकेक पट्टी उष्णतेने वाकवून बसवायची, शेजारच्या पट्टीला सरसाने जोडायची आणि सगळी पाठ तयार झाली की साच्यावरून उतरवायची. आतल्या बाजूने सांध्यांवर कागदाच्या किंवा चर्मपत्राच्या अरुंद पट्ट्या चिकटवायच्या. एकटी पट्टी बोटांनी मोडेल, पण सगळ्या मिळून झालेली वळणदार पाठ चांगली ताठ असते.

तबली स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची आणि तीही साधारण दीड मिलिमीटरचीच. जाळी वेगळी कोरून बसवत नसत, तबलीतच कोरत. तबलीच्या खाली आडव्या पट्ट्या उभ्या कडेने चिकटवलेल्या असतात. वाद्याचा आवाज कसा निघेल हे बरेचसे या पट्ट्यांवर ठरते. त्या बाहेरून दिसत नसल्यामुळे संग्रहालये क्ष-किरण चित्रे घेतात, अलीकडे सीटी स्कॅनही करतात. कुठली पट्टी मूळची, कुठली नंतरच्या दुरुस्तीची, सरसाच्या जुन्या खुणा कुठे आहेत, हे त्यातून दिसते.

लाकूड मालरच्या काळात मेपल किंवा ॲश. शतक सरताना पादुआ आणि व्हेनिसमधल्या टीफेनब्रुकर घराण्यातल्या कारागिरांनी यू या झाडाचे लाकूड लोकप्रिय केले. यूच्या खोडात आत तपकिरी आणि बाहेर पांढरट लाकूड असते. पट्टी त्या दोघांच्या सीमेवर कापली की प्रत्येक पट्टीत दोन रंग येतात. रुंद पट्टी तशी मिळत नाही म्हणून पट्ट्या अरुंद झाल्या आणि त्यांची संख्या तीस-चाळीसच्या पुढे गेली.

या इटालियन शहरांतल्या कारागिरांची नावे जर्मन का, हाही प्रश्न येतो. त्यांतले पुष्कळसे आल्प्सच्या उत्तर पायथ्याच्या फ्युसेन गावाकडचे. आजूबाजूला स्प्रूस आणि यूची जंगले, शेजारून लेख नदी आणि इटलीला जाणारा जुना रोमन रस्ता. ल्यूट बनवणाऱ्यांचा युरोपातला पहिला व्यवसाय-संघ याच गावात १५६२ साली स्थापन झाला. त्याची लेखी नियमावली हाही एक पुरावाच, पण ती कोणी धंदा करावा, किती उस्ताद असावेत अशा बाबींची आहे. वाद्य कसे बनवावे याबद्दल ती मूग गिळून आहे. ते ज्ञान बापाकडून मुलाकडे हातोहात जात होते.

चित्रांवर किती विश्वास ठेवावा?

चित्रकार कोण, यावर. हान्स होल्बाइनने १५३३ साली रंगवलेले, लंडनच्या नॅशनल गॅलरीतले "राजदूत" हे चित्र घ्या. त्यातल्या ल्यूटची एक तार तुटलेली आहे आणि दांडीवरचे पडदे एकेक करून मोजता येतात. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ च्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात ल्यूट यथार्थदर्शनाने कसे चितारावे हे चौकट आणि दोरा वापरून दाखवले. हे वाद्य अवघड वळणांचे असल्यामुळे चित्रकारांना ती कसोटीच वाटे. लाकडी जडावकामातही ल्यूट पुष्कळदा दिसते. गुब्बिओच्या महालातली अशी एक अख्खी खोली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. जडाव करणारा स्वतः लाकडातला माणूस, त्यामुळे त्याने दाखवलेल्या सांध्यांना माझ्या लेखी रंगवलेल्या चित्रापेक्षा जास्त वजन आहे.

पण देवदूतांच्या हातातली ल्यूट मापे घेण्यासाठी नसतात. चित्रकार जुन्या रेखाटनावरून नक्कल करतो, तारा आणि खुंट्यांची संख्या जुळत नाही, पुढच्या शतकातला कुणी चित्र दुरुस्त करताना पडदे पुसून टाकतो. छापील चित्रांत आणखी एक फसगत असते: ठसा उलटा उमटतो, म्हणून वादक डावखुरा दिसतो. चित्रांवरून संख्या आणि सवयी कळतात. पडदे किती होते, दांडीभोवती तातीचा एक वेढा होता की दोन, हात कुठे टेकवत, हे कळते. पडदा नेमक्या कोणत्या मिलिमीटरवर होता हे चित्राला विचारू नये.

पडदे किती असत?

जुन्या चित्रांत कमी आहेत, पुढे वाढत गेले. याचा सगळ्यात चांगला साक्षीदार इंग्लंडचा ल्यूटवादक जॉन डाउलंड. त्याचा मुलगा रॉबर्ट याने १६१० साली लंडनमध्ये छापलेल्या संग्रहात जॉनने ल्यूटविषयी एक टिपण जोडले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मथायस मेसन नावाच्या वादकाने लाकडाचे तीन पडदे तबलीवरच चिकटवण्याची युक्ती काढली. मग काही वर्षांनी फ्रेंचांनी दांडी लांबवली, त्यामुळे बांधायचे पडदे आणखी दोन वाढले, आणि आता चांगली ल्यूट दहा पडद्यांची असतात. मेसननेच ही युक्ती पहिल्यांदा काढली की डाउलंडने ऐकीव गोष्ट लिहिली, याची शहानिशा बाजूला ठेवू. पडदे वाढत जाताना पाहणारा माणूस हे सांगतो आहे, हे महत्त्वाचे.

पडद्यांच्या जागा कशा ठरवत?

इथे थोडे गणित येईल. तारेची वाजती लांबी ६०० मिलिमीटर धरू. मध्यम आकाराच्या ल्यूटला ती साधारण एवढीच असते.

पहिली रीत पट्टी आणि कंपासाची. न्युरेम्बर्गच्या हान्स गेर्लेच्या १५३२ च्या पुस्तकात आणि डाउलंडच्या टिपणात ती आहे. डाउलंड सांगतो, अटीपासून (खुंट्यांच्या पेटीजवळ तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत तारेचे तीन भाग करा. पहिला भाग संपतो तिथे सातवा पडदा, म्हणजे २०० मिलिमीटरवर. हा आपला पंचम. मग अटी ते सातवा पडदा या अंतराचे अकरा भाग करून त्यांतले दोन घेतले की पहिला पडदा: ३६.४ मिलिमीटर. त्याच अंतराचा तिसरा हिस्सा म्हणजे दुसरा पडदा: ६६.७ मिलिमीटर. पुढचे पडदेही अशाच भागाकारांनी मिळतात. दुसरा आणि सातवा पडदा शुद्ध पायथागोरसच्या, म्हणजे दोन आणि तीन यांच्या गुणोत्तरांच्या, हिशेबातले. पहिल्याचा अकरावा हिस्सा मात्र कुठल्याच पोथीतल्या सिद्धांतात बसत नाही. मला तो कानाने शोधलेल्या जागेला नंतर दिलेला कामचलाऊ अपूर्णांक वाटतो.

दुसरी रीत व्हिन्चेन्झो गालिलेईची. शास्त्रज्ञ गालिलेओचे हे वडील, स्वतः ल्यूटवादक आणि मोठे भांडखोर लेखक. १५८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सांगितले की तारेचा अठरावा भाग घ्या, तिथे पहिला पडदा, उरलेल्या लांबीचा पुन्हा अठरावा भाग, तिथे दुसरा, असेच पुढे. आपल्या तारेवर पहिला पडदा ३३.३ मिलिमीटरवर येतो, दुसरा ६४.८ वर. बारा वेळा केल्यावर तार बरोबर निम्मी, म्हणजे ३०० मिलिमीटर उरायला हवी, पण उरते ३०२ च्या वर. कागदावर ही चूक आहे. प्रत्यक्षात बोटाने तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. त्यामुळे जरा उतरलेले पडदे कानाला ठीक वाटतात. आजच्या समान सप्तकात (सप्तकाचे बारा सारखे स्वरांतर करण्याच्या पद्धतीत) पहिला पडदा ३३.७ मिलिमीटरवर येतो. गालिलेईंपासून फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. डाउलंडचा पडदा मात्र त्यांच्यापासून तब्बल तीन मिलिमीटर दूर आहे, आणि तीन मिलिमीटर सरावलेल्या कानाला कळतात.

म्हणजे ल्यूट समान सप्तकात लावत होते का?

या प्रश्नावर लोक हमरीतुमरीवर येतात. "समान सप्तकच" म्हणणाऱ्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो. दांडीवर आडवा पडदा सगळ्या तारांना एकाच ठिकाणी छेदतो. तोच पहिला पडदा एका तारेवर कोमल स्वर देतो तर दुसरीवर तीव्र. त्या काळच्या कळपट्टीच्या वाद्यांत वापरल्या जाणाऱ्या मीनटोन या स्वर लावण्याच्या पद्धतीत या दोन स्वरांच्या जागा वेगळ्या: आपल्या तारेवर एक सुमारे ३९ मिलिमीटरवर, दुसरी सुमारे २६ वर. एक पडदा दोन्हीकडे कसा असेल? मग मधली तडजोड, म्हणजे समान सप्तक.

तर्क म्हणून हे ठीक आहे, पण पुरावा तर्काचे ऐकत नाही. व्हॅलेन्सियाच्या लुईस मिलानने १५३६ साली विहुएलासाठी पुस्तक छापले. विहुएला हे स्पॅनिश वाद्य, पाठ सपाट, पण तारा ल्यूटसारख्याच लावलेल्या आणि पडदेही तसेच तातीचे. त्यात तो वादकाला सांगतो की अमुक रचना वाजवण्याआधी चौथा पडदा खुंट्यांकडे थोडा सरकवा. समान सप्तकात अशा सूचनेला काही अर्थच नाही. शिवाय काही वादक दोन पडद्यांच्या मध्ये एकदोन तारांपुरते छोटे जादा पडदे चिकटवत. हे कळते ते गालिलेईंनी त्यांच्यावर आगपाखड केली म्हणून! कोणी करतच नसते तर ते एवढे चिडले कशाला असते?

मला विचाराल तर "त्या काळची बरोबर पद्धत कोणती" हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. पडदे सरकत होते म्हणून ते सरकवले जात होते. वादकागणिक, रचनेगणिक, सोबत कोणते वाद्य आहे यावर जागा बदलत. छापील कोष्टके सुरुवात कुठून करावी हे सांगतात. शेवट कान करतो.

आजच्या उदला पडदे नसतात. जुन्या उदला होते?

अल-किंदी आणि त्याच्यानंतरचा तत्त्वज्ञ अल-फाराबी दोघेही उदवरच्या पडद्यांबद्दल लिहितात. अल-फाराबीने (मृत्यू ९५०) दिलेली प्रमाणे आजही मोजून पाहता येतात. ६०० मिलिमीटरच्या तारेवर तर्जनीचा पडदा ६६.७ मिलिमीटरवर (म्हणजे डाउलंडचाच दुसरा पडदा), अनामिकेचा १२६ वर, करंगळीचा १५० वर. वाद मधल्या बोटाचा. त्याच्या तीन जागा दिल्या आहेत: जुनी सुमारे ९४ वर, इराणी सुमारे ९६ वर आणि झलझलची १११ वर. मन्सूर झलझल हा आठव्या शतकात अब्बासी दरबारातला नावाजलेला वादक. त्याचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोघांच्या जवळजवळ मध्यावर आहे. एका माणसाच्या कानाने ठरवलेली जागा दीडशे वर्षांनी तत्त्वज्ञाने २७:२२ अशा प्रमाणात बांधून ठेवली. पडद्यांच्या इतिहासात मला यापेक्षा आवडती नोंद नाही.

हे पडदे खरोखर बांधलेले होते की बोट कुठे ठेवायचे ते सांगण्याची ती केवळ भाषा होती, यावर दुमत आहे. एकाच वाद्यावर दोन-अडीच मिलिमीटर अंतराने दोन पडदे बांधणे अवघडच. त्यामुळे तिन्ही एकदम नसावेत, वादक आपापला निवडत असावा.

पडद्यांची जाडीही वेगवेगळी असे का?

हो, आणि याचा लेखी पुरावा स्वच्छ आहे. डाउलंड सांगतो: खुंट्यांकडचे पहिले दोन पडदे चौथ्या तारेच्या जाडीचे, पुढचे दोन तिसऱ्या तारेच्या, पाचवा-सहावा दुसरीच्या आणि उरलेले सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचे. वेगळे सामान आणायला नको. तुटलेल्या तारांचेच पडदे. जाडी अशी उतरत गेली की तार घोडीकडे जाताना कुठल्याच पडद्यावर अडत नाही.

याहून मजेदार सूचना व्हेनिसमध्ये १५१७ च्या सुमारास तयार झालेल्या कापिरोला हस्तलिखितात आहे. हे आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. विन्चेन्झो कापिरोलाच्या शिष्याने ते पशुपक्ष्यांच्या चित्रांनी सजवले. कारणही लिहून ठेवले की ज्याला संगीत कळत नाही तोही निदान चित्रांसाठी हे जपून ठेवेल. त्यात म्हटले आहे की तारा पडद्यांना जवळजवळ टेकतील अशा ठेवाव्यात, म्हणजे वाद्य हार्पसारखे वाजते. त्या काळच्या हार्पला मुद्दाम झणझणाट आणत. जवारी लावलेला तंबोरा ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आजचे कित्येक वादक मात्र एकही तार झणझणू नये म्हणून जिवाचे रान करतात.

तारांबद्दल काय कळते?

तारा मेंढीच्या आतड्याच्या. अरबी उदला रेशमाच्याही असत. इख्वान अस-सफा मंडळाने चार तारांतले रेशमाचे धागे मोजून दिले आहेत: ६४, ४८, ३६ आणि २७. दर वेळी तीन चतुर्थांश. तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतराने लावायच्या, त्याला हे साजेसेच.

युरोपातला खरा तिढा खर्जाच्या तारांचा आहे. साध्या तातीने खर्ज हवा तर तार फार जाड लागते, पण जुन्या घोड्यांची भोके तेवढी जाड तार आत जाऊ देत नाहीत. भोके हा मुका आणि म्हणूनच प्रामाणिक पुरावा. मग एक तर ताण फार कमी असेल, किंवा तात धातूच्या क्षारांनी जड केलेली असेल. दोन्ही बाजूंनी प्रयोग झाले आहेत. तातीवर धातूची तार गुंडाळण्याची युक्ती १६६० च्या दशकातली, त्यामुळे डाउलंडच्या काळाला ती लावता येत नाही. सर्वांत उंच स्वराच्या तारेबद्दल मात्र सगळेच एका सुरात सांगतात: तुटणार नाही इतपत चढवा.

आपल्याकडे असा लेखी पुरावा आहे का?

आहे, आणि तोही देवगिरीचा. यादव राजा सिंघणाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने १३ व्या शतकात "संगीतरत्नाकर" लिहिला. त्यात किन्नरी वीणेची मापे अंगुळांत दिली आहेत. पडदे म्हणजे सारिका गिधाडाच्या छातीच्या हाडाच्या किंवा धातूच्या, आणि जळलेल्या कापडाची मषी मिसळलेल्या मेणाने दांडीवर बसवायच्या, असे तो सांगतो. किन्नरी ल्यूटच्या कुळातली नाही. तिची दांडी भोपळ्यांवर पेललेली असते. पण मेणात बसवलेली सारिका कानाला पटेपर्यंत हलवता येते, हे तातीच्या पडद्याशी जुळते. पुढे १७ व्या शतकात अहोबलाने "संगीत पारिजात"मध्ये वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगितली. तारेच्या मध्यावर तार षड्ज, आणि तारेचे तीन भाग केल्यावर पहिल्या भागाच्या शेवटी पंचम. डाउलंडचीही पहिली पायरी हीच. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याची गरज नाही. तार दोन्हीकडे सारखीच वागते.

सतारीचे पडदे धातूचे असतात आणि दोऱ्याने बांधलेले, ल्यूटचा पडदा म्हणजे नुसती तात. सरकवण्याची सोय मात्र एकच. मिरजेच्या कारागिराला मिलानची सूचना समजावून सांगावी लागणार नाही.

जगातले सगळ्यात जुने टिकलेले ल्यूट कोणते?

"ल्यूट" हा शब्द व्यापक अर्थाने घेतला तर इजिप्तकडे जावे लागते. थीब्जमध्ये सेनेनमुत या राजदरबारी अधिकाऱ्याच्या थडग्याजवळ हारमोसे नावाच्या गवयाबरोबर पुरलेले, इसवी सनापूर्वी १५ व्या शतकातले लांब दांडीचे वाद्य १९३० च्या दशकात मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या उत्खननात सापडले. लाकडी पोकळ अंग, वर कातडे, तीन तारा, दोरीने बांधलेली नखी. मेसोपोटेमियाच्या अक्कादी मुद्रांवर अशा वाद्यांची चित्रे त्याहूनही जुनी आहेत. पूर्वेकडे जपानमधल्या नाराच्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली पाच तारांची बिवा आहे, लाल चंदनाची आणि शिंपल्याच्या जडावाची. युरोपी ल्यूटच्या पडद्यांबद्दल मात्र यांतले काहीच सांगत नाही.

लेबलवर कारागिराचे नाव असले की खात्री झाली ना?

नाही. लेबल चिकटवायला पाच मिनिटे लागतात. १९ व्या शतकाच्या शेवटी फ्लॉरेन्सचा व्यापारी लेओपोल्दो फ्रान्चोलिनी जुन्या वाद्यांचे तुकडे जोडून, बनावट नावे घालून संग्रहालयांना विकत होता. १९१० साली त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली, पण त्याचा माल अजून निघतो आहे. स्प्रूसच्या तबलीवरची वर्षवलये मोजून झाडाच्या शेवटच्या मोजलेल्या वलयाचे साल काढता येते. वाद्य त्या सालाच्या आधीचे असूच शकत नाही. नंतर किती वर्षांनी बनले, हे मात्र वलये सांगत नाहीत.

मला स्वतः एक बनवायचे आहे. पडद्यांसाठी कोणते गणित घेऊ?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा बनू लागलेली पुष्कळ ल्यूट गिटारच्या वळणाने जाड लाकडाची, पक्क्या धातूच्या पडद्यांची होती. संग्रहालयांतली वाद्ये उघडून पाहिल्यावर लोक पातळ तबलीकडे आणि तातीच्या पडद्यांकडे परतले. तुम्ही तो वळसा घेऊ नका. गालिलेईंच्या अठराव्या भागाने दांडीवर पेन्सिलीच्या खुणा करा, डाउलंडप्रमाणे जाडी उतरवत पडदे बांधा, मग जे वाजवायचे आहे ते वाजवत एकेक पडदा कानाने हलवा. तात घट्ट बसावी म्हणून दांडी घोडीकडे किंचित जाड होत गेलेली असते. म्हणून पडदा बांधताना खुंट्यांकडे बांधून मग जागेवर सरकवा. तबलीवरचे लाकडी पडदे सगळ्यात शेवटी, बांधलेल्या पडद्यांच्या जागा नक्की झाल्यावर आणि सरसाचा अगदी बारीक थेंब लावूनच बसवा, म्हणजे पुढे उचकटताना तबलीचे लाकूड निघणार नाही.